आक्काच्या दारात अडलेला ट्रॅक्टर

नमस्कार मंडळी. इथले अनुभव मी गेली दोन-तीन वर्षं वाचतोय. वाचतो, गालातल्या गालात हसतो आणि मोबाईल उशाशी ठेवून गाढ झोपतो. राग मानू नका... पण माझा सगळा जन्म डिझेल इंजिनं उघडण्यात गेला. आमच्या धंद्यात भूत एकच, त्याचं नाव एअर. पाइपात हवेचा बुडबुडा अडकला की भलंभलं इंजिन मान टाकतं, आणि तो काढायला मांत्रिक लागत नाही, पाना लागतो. लिंबू-मिरची, अंगात येणं, अमावास्येला गाडी बाहेर न काढणं, असल्या गोष्टींवरून मी गिऱ्हाइकांशी भांडलोय. अजूनही भांडतो.

तरी एक गोष्ट आहे. ती मी घरच्यांना सोडून फारशी कुणाला सांगितलेली नाही, कारण ऐकणारा एक तर मला वेड्यात काढतो, नाही तर लगेच हात जोडतो. मला दोन्हीचा कंटाळा आहे. यात पांढरी साडी नाही, पैंजण नाहीत. भरदिवसाची आणि भरगर्दीतली गोष्ट आहे, त्यामुळं घाबरायचं असेल तर दुसरा धागा उघडा.

साल १९७१, बहात्तरच्या दुष्काळाच्या आदल्या वर्षीचा सप्टेंबर. आमचं गाव संगमनेरच्या खालच्या अंगाला, प्रवरेच्या काठी. पाटाचं पाणी, ऊस, त्यामुळं घर खाऊनपिऊन सुखी. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, नंबर लावून, बरीच वाट बघून ट्रॅक्टर घेतला होता. तीन सिलिंडरचा, लाल रंगाचा. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढं जे झालं त्यात कंपनीचा काही दोष नाही. मी तेव्हा डिझेल मेकॅनिकचा कोर्स करून संगमनेरात एका गॅरेजला लागलो होतो, आणि घरच्या ट्रॅक्टरचा नटबोल्ट न् नटबोल्ट माझ्या हाताखालून गेलेला. वडील चारचौघांत म्हणायचे, ह्याचं लग्न झालं तरी हा आधी ट्रॅक्टर पुसेल आणि मग बायकोकडं बघेल.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण. आमची आई लवकर गेली, त्यामुळं मला आक्कानंच वाढवलं. एका ताटात जेवायचो आम्ही, ती मला भरवता भरवता स्वतः जेवायची. तिला दिलं होतं चंदनापुरीचा घाट चढून वर, पठारावर. तिकडं पाट नाही, कॅनॉल नाही. बाजरी आणि शाळू, तेही पावसाच्या मर्जीवर. पण माणूस तिला लाखात एक मिळाला होता. आमचे दाजी म्हणजे हसरा गडी. कुणाचं औत अडलं, कुणाची विहीर ढासळली, की दाजी आपली बैलजोडी घेऊन सगळ्यांच्या आधी हजर. आक्का लटक्या रागानं म्हणायची की माझं लग्न एका माणसाशी नाही, सगळ्या गावाशी लागलंय.

त्या आषाढात दाजी काविळीनं गेले. बघता बघता होत्याचं नव्हतं झालं. मूलबाळ नव्हतं. घरात राहिल्या आक्का आणि तिची सासू. सासूबाईंना मी मावशी म्हणायचो.

आक्का दहाव्यापर्यंत रडली आणि मग गप्प झाली. तेव्हा रीत अशी होती की नवरा गेलेल्या बाईनं कोपऱ्यात बसायचं, चारचौघांत यायचं नाही. लोकही तेराव्यापर्यंत येतात, पुढं यायला कुणाला निमित्तच राहत नाही. आक्का कोपऱ्यात बसली ती बसलीच. मी दोनदा जाऊन भेटून आलो. ‘हां’ आणि ‘न्हाई’ यापलीकडं शब्द नाही. चुलीकडं फिरकायची नाही. मावशीच या वयात भाकरी करून तिच्यापुढं ताट ठेवायच्या, ती दोन घास चिवडायची आणि ताट सरकवायची. माझी आक्का, जिची हाक नदीच्या पल्याड ऐकू जायची... मला ते बघवत नव्हतं.

शेवटी वडिलांनी ठरवलं. पठारावर उशिरा का होईना, पाऊस झाला होता. शाळूच्या पेरणीचे दिवस होते आणि आक्काचं रान तणानं माजलं होतं. वडील मला म्हणाले, ट्रॅक्टर घेऊन जा, एका दिवसात रान फणून दे. पुढची पेरणी दाजींचा चुलतभाऊ वाट्यानं करील. आणि येताना दुसऱ्या दिवशी आक्काला ट्रॉलीत बसवून घरी घेऊन ये, तिथं आता तिचं आहे कोण? मावशींना त्यांच्या लेकीकडं पोचवायचं, घराला कुलूप लावायचं, असं सगळं ठरलं. आक्काला विचारलं होतं का? विचारलं होतं. ती ‘हां’ म्हणाली होती.

वडिलांचं काही चुकतंय असं मला तेव्हा वाटलं नाही. लेकीच्या काळजीनं बाप दुसरं काय करणार? तिनं परत आमच्यात यावं, जेवावं, बोलावं, एवढंच आम्हाला हवं होतं.

आदल्या दिवशी मी ट्रॅक्टर घेऊन घाट चढलो. मागं ट्रॉली, ट्रॉलीत फणांचा कल्टिव्हेटर. घाटात इंजिननं एकदाही कां-कूं केलं नाही. आक्काचं घर रानातच, वस्तीवर. दारापुढं अंगण आणि अंगणाला लागून तिचं रान. दिवस मावळायच्या आत पोचलो, अंगणाच्या कडेला ट्रॅक्टर लावला, इंजिन बंद केलं. शेजारच्या रानातले गेणूतात्या बांधावर उभे राहून बघत होते. दाजींचे वडील गेल्यापासून तात्याच त्या घराला वडीलधारे. त्यांनी राम राम केला, पण नेहमीसारखे येऊन टेकले नाहीत. तसेच निघून गेले.

आक्कानं दारातून एकदा माझ्याकडं बघितलं. तिचं गाठोडं बांधून खुंटीखाली ठेवलेलं होतं.

सकाळी चहा घेतला, कल्टिव्हेटर जोडला आणि सीटवर बसून सेल्फ मारला. इंजिन गर्रगर्र फिरलं, पण धरेना. परत मारला... तेच. बरं, थंडी नव्हती, ओल नव्हती, रात्री पाऊसही झाला नव्हता.

मी अजिबात गडबडलो नाही. उलट मला जरा मजाच वाटली, कारण सगळी वस्ती बघत होती आणि आपण ते कसं चुटकीसरशी चालू करतो हे दाखवायची हौस होती. बंद ट्रॅक्टर बघायचा एक क्रम असतो. आधी सोपं बघायचं, मग अवघड. इंजिन बंद करताना जो नॉब ओढतात तो परत आत ढकलायला माणूस विसरतो, आणि मग अर्धा दिवस पाने फिरवतो. तो आतच होता. टाकी भरलेली, कॉक उघडा. टाकीच्या तळात पाणी साचलं असेल म्हणून तांब्याभर डिझेल खाली काढलं. स्वच्छ होतं. फिल्टर उघडला, धुतला, बसवला. मग एअर काढली. आधी फिल्टरच्या स्क्रूतून, मग पंपाच्या. पहिले चार-दोन बुडबुडे आले, पुढं डिझेलची सलग धार लागली. म्हटलं, झालं काम.

सेल्फ मारला. गर्रगर्र, आणि काही नाही.

आता मी बाह्या सरसावल्या. इंजिनात डिझेलचा फवारा मारणाऱ्या नोझलकडं जाणाऱ्या तिन्ही पाइपांचे नट सैल करून बघितलं, तिन्हीतून डिझेल उसळत होतं. म्हणजे पंप ठीक. एकेक नोझल काढून बाहेरच पाइपाला जोडलं आणि सेल्फ मारला, तर कसा सुंदर फवारा. अगदी धुक्यासारखा. म्हणजे नोझल ठीक. नोझलच्या भोकावर तळहात दाबून धरला आणि इंजिन फिरवलं, तर हवेनं हात उडवून लावला. म्हणजे कॉम्प्रेशन ठणठणीत. एअर क्लिनर उघडला, सायलेन्सरमध्ये चिमणीनं घर केलंय का तेही बघितलं. आत हवा जात होती, बाहेर येत होती.

ज्यांना यातलं कळत नाही त्यांच्यासाठी सांगतो. डिझेल इंजिनला प्लगची ठिणगी लागत नाही. हवा दाबली की ती तापते, त्यात डिझेलचा फवारा आला की पेट घेते. दाब आहे आणि फवारा आहे म्हणजे ते पेटणारच. त्याच्या मनात असो वा नसो. आणि समजा नाहीच पेटलं, तर न जळलेल्या डिझेलचा पांढरा धूर तरी सायलेन्सरमधून येतो. इथं धुराची एक रेघ नाही. ते डिझेल खाली ऑइलमध्ये उतरलं असेल म्हणून ऑइलची दांडी काढून बघितली, वास घेतला. पातळी वाढलेली नाही, डिझेलचा वास नाही. मंडळी, मी आत डिझेल घालत होतो आणि ते कुठंच जात नव्हतं. हे मी आजही कुणापुढं शपथेवर सांगेन.

दुपार व्हायला आली. माझे हात कोपरापर्यंत काळे, डोकं तापलेलं. बॅटरीनंही दम टाकायला सुरुवात केली. मावशी दारात बसून देवाचं नाव घेत होत्या, आणि आक्का त्यांच्या मागं अंधारात. मला तिच्याकडं बघायची लाज वाटत होती. एवढ्या लांबून तिचं रान करून द्यायला आलो आणि दारात लोखंडाचा ढिगारा मांडून बसलो होतो.

एकच उपाय उरला, ओढून चालू करायचा. गिअर टाकून ट्रॅक्टर ओढला की चाकं इंजिन फिरवतात, मग सेल्फची गरज नाही. मी बांधावर जाऊन तात्यांना म्हटलं, जरा बैलजोडी देता का? तात्यांनी एक शब्द न विचारता जोडी आणली. एका जोडीला ते धूड हलेना. तात्यांनी पलीकडच्या रसूलभाईंना हाक मारली, ते आपली जोडी घेऊन आले. रसूलभाईंनी आणखी कुणाला हाक मारली... करता करता चार जोड्या एकापुढं एक जुंपल्या. मी मागचा कल्टिव्हेटर सोडवून सीटवर, क्लच दाबून. बैलांनी जोर लावला, ट्रॅक्टर हलला, रानाच्या उतारावर चांगला वेग घेतला आणि मी क्लच सोडला. इंजिन घरघरलं. धूर नाही, ठोका नाही. रानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत बैलांनी मला ओढत नेलं आणि परत आणून अंगणात सोडलं. वरात निघाल्यासारखी सगळी वस्ती बघत होती. कुणी हसलं नाही, हे त्यांचे उपकार.

मी खाली उतरलो आणि चाकाला टेकून बसलो. बैल घामाघूम उभे होते. तात्यांनी मुंडासं सोडून तोंड पुसलं आणि रानाकडं बघत म्हणाले,

“पाव्हनं, एक बोलू का? ह्या रानात आमी इर्जिक घालनारच हुतो. दिस बी ठरला हुता. पन तुमचा ट्रॅक्टर येतूया आसं कळलं, म्हनून गप बसलो. म्हनलं, त्यांचं माहेर मोठं हाय, आपली काय गरज.”

इर्जिक म्हणजे काय ते नव्या लोकांना माहीत नसेल. ज्याचं काम अडलंय त्याच्या रानात सगळ्या गावानं आपापली औतं घेऊन एक दिवस उतरायचं. मजुरी घ्यायची नाही. त्या घरानं फक्त जेवू घालायचं. काल तात्या बांधावरून का परतले ते मला तेव्हा उमगलं.

रसूलभाई कमी बोलणारा माणूस. ते म्हणाले, “बैलं तर आलीच हायेत रानात. कुळव तेवढा आनायचा ऱ्हायला. माझ्या हिरीचं काम पडलं तवा तुमचं दाजी न बोलावता आलं हुतं.”

मी मान हलवली. दुसरं काय करणार होतो? मग जे सुरू झालं ते मी कधी विसरणार नाही. माणसं घरी जाऊन कुळव घेऊन आली. एकाचं बघून दुसरा, दुसऱ्याचं बघून तिसरा. वरच्या आळीतनं, ओढ्यापलीकडनं औतं येत राहिली. तासाभरात रानात जिकडं बघावं तिकडं बैलं. कुणीतरी भलरीचा सूर धरला, बाकीच्यांनी ओढला. माझा लाल ट्रॅक्टर अंगणात बॉनेट उघडं टाकून उभा, आणि त्याच्या दोन्ही बाजूंनी औतं जात होती.

घरात वेगळीच धांदल. एवढ्या माणसांना घालायचं काय? मावशींना घाम फुटला. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, हुलगे आहेत, शेंगोळी करू. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी... हुलग्याच्या पिठाच्या वळून केलेल्या शेंगोळ्या, लसणाच्या झणझणीत रश्शात शिजवलेल्या. आळीतल्या बायका परात घेऊन बसल्या आणि वळू लागल्या. तीन महिने ज्या बायकांना या घरात यायला निमित्त नव्हतं, त्या आज गुडघ्याला गुडघा लावून बसल्या होत्या. आक्का मात्र कोपऱ्यातच.

जेवायची वेळ झाली तसे तात्या हातपाय धुऊन दारात आले. आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभे राहून, आत न बघता, मोठ्यानं म्हणाले,

“सूनबाई, इर्जिकीचं जेवान घरधनिनीनं वाढायचं आसतं. दुसऱ्या कुनी वाढलं, तर ती मजुरी झाली. आन आमी कुनी मजुरीला आलेलो न्हाई.”

सगळ्या बायकांचे हात थांबले. मला वाटलं, तात्यांनी हे नको करायला होतं... ती आता कोसळेल. मी पुढं होणार, तेवढ्यात आक्का उठली. पदर खोचला. चुलीपाशी गेली, पळीनं रस्सा हातावर घेऊन चाखला आणि म्हणाली, “मीठ कमी हाय.”

मावशींनी तोंडाला पदर लावला. मी मेकॅनिक माणूस, सहसा रडत नाही. त्या दिवशी पाना शोधायचं निमित्त करून ट्रॅक्टरमागं गेलो.

आक्कानं पंगत वाढली. दोनदा वाढली. पहिल्या वाढपाला ती मान खाली घालून वाढत गेली, दुसऱ्या वेळी ती रसूलभाईंना आग्रह करत होती. जेवणं उरकून औतं परत जुंपली तेव्हा तिला काहीतरी आठवलं आणि ती तरातरा रानात चालत गेली. रानाच्या खालच्या कोपऱ्यात मातीखाली खडक होता, कुळवाचं पातं मोडलं असतं. तो फक्त तिला आणि दाजींना माहीत. ती त्या खडकावर जाऊन उभी राहिली आणि औतवाल्यांना हातानं बाजूनं वळवत राहिली. बायकांनी बघितलं, बापयांनी बघितलं, कुणी काही म्हणालं नाही. कोपऱ्यातली बाई रानाच्या कोपऱ्यात उभी होती आणि काम चाललं होतं.

दिवस मावळायच्या आधी रान तयार झालं. पेरणीही आमचीच औतं करतील, वाट्याचं बघू नका, असं तात्यांनी परस्पर सांगून टाकलं. माणसं पांगली. तात्या आणि रसूलभाई तेवढे बिड्या ओढत अंगणात टेकले. आक्का माझं ताट घेऊन आली. मी दिवसभर जेवलो नव्हतो आणि माझ्या हातांना डिझेल लागलेलं. ती समोर बसली, भाकरी कुस्करली आणि एक घास मला, एक स्वतःला, असं जेवली. पोटभर जेवली. मी मोजून नाही, पण डोळे भरून बघितलं.

मग हात पुसून मी उठलो. ट्रॅक्टर रात्री झाकून ठेवावा म्हणून बॉनेट लावलं, सीटवर चढलो, आणि सवयीनं, अगदी सवयीनं, सेल्फला बोट लावलं.

फट्कन चालू झाला.

खोकला नाही, अडखळणं नाही. जशी काही बॅटरी कधी दमलीच नव्हती. तिन्ही सिलिंडर एका तालात. मी दुपारपासून त्याला हातसुद्धा लावला नव्हता. तात्यांनी तोंडातली बिडी काढली, ट्रॅक्टरकडं बघितलं आणि त्यालाच म्हणाले, “आता काय उपेग हाय रं तुजा?” रसूलभाई खो खो हसले. मला हसावं की पाना फेकून मारावा ते कळेना.

आक्का उंबऱ्यात उभी राहून इंजिनाचा आवाज ऐकत होती. मी बंद केल्यावर म्हणाली, “आशोक, मी येत न्हाई. दादांना सांग, शाळू काढनीला या.”

दुसऱ्या दिवशी मी ट्रॉलीत नुसता कल्टिव्हेटर घालून घाट उतरलो. वडील वाटेत येऊन उभे होते. आधी त्यांनी ट्रॉलीत बघितलं, मग माझ्याकडं. मी म्हटलं, ट्रॅक्टर बिघडला होता. त्यांनी विचारलं, काय झालं होतं? मी म्हटलं, सापडलं नाही. मग मी सगळं सांगितलं, शेंगोळ्यांपासून खडकापर्यंत. ती जेवली हे ऐकल्यावर ते तिथंच रस्त्याच्या कडेला टेकले आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. तिला परत आणायचा विषय काढला नाही... म्हणजे एकदाच काढला, पुढच्या वर्षी दुष्काळ पडला तेव्हा. तेव्हाही आक्का आली नाही. गावाबरोबर रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली.

त्या ट्रॅक्टरनं पुढं बरीच वर्षं काम केलं. असा हट्ट परत कधी केला नाही. ओव्हरहॉलिंगला आला तेव्हा मी त्याचा पंप एका जाणत्या उस्तादाकडून सुटा सुटा करून तपासून घेतला. काही नाही. धंद्यातल्या मित्रांनी नाना कारणं सुचवली. पंपाची दांडी अडकली असेल म्हणाले. अडकली असती तर नोझलमधून फवारा आला नसता. एअर असेल म्हणाले. माझ्यासमोर असं म्हणायला जिगर लागते!

एक गोष्ट मात्र मला खूप उशिरा कळली. पाच-सहा वर्षांपूर्वी मी आक्काकडं गेलो होतो. आता तिचे गुडघे गेलेत, माझेही. ओट्यावर बसून जुन्या गोष्टी निघाल्या आणि मी म्हटलं, तीन महिन्यांनी तोंडातून पहिलं वाक्य काढलंस ते काय, तर मीठ कमी आहे. ती म्हणाली, ते पहिलं नव्हतं. मी विचारलं, मग?

“तू आलास त्या दिशी सांजच्याला तू आत मावशींसंगं बोलत बसला हुतास. मी भायेर आले. ते ट्रॅक्टर तापलेलं, टिकटिक वाजत हुतं निवताना. मी त्याच्यावर हात ठेवला. म्हनले, लांबून आलास, घाट चढून आलास, दमला असशील. उद्याचा दिस बस.”

बाहेरगावच्या पाहुण्याचा बैल लगेच दुसऱ्या दिवशी जुंपायचा नाही, त्याला एक दिवस विसावा द्यायचा, अशी तिकडं पद्धत होती. दाजी ती कसोशीनं पाळायचे. तिनं तेवढंच केलं होतं.

मी मग विचारलं, तुला राहायचं होतं म्हणून तू त्याला तसं म्हणालीस का?

“छ्या. मला ऱ्हायाचं हाय हे मला तरी कुठं ठावं हुतं? मानसांशी बोलाया गेलं की रडू यायचं. त्याच्याशी बोलता आलं. म्हनून बोलले.”

एवढं म्हणून ती भाजी निवडायला लागली.

तर मंडळी, हे असं आहे. लोखंडाला ऐकू येतं असं मी म्हणणार नाही. मी आजवर हजारो इंजिनांना शिव्या घातल्यात, एकानंही मनाला लावून घेतलं नाही. इथं कुणी डिझेलवाले असतील तर त्यांनी वरची सगळी तपासणी नीट वाचावी आणि माझं काय राहिलं ते सांगावं. मला सापडलेलं नाही. मला एवढंच माहीत आहे की त्या सकाळी ट्रॅक्टर चालू झाला असता, तर मी दिवस मावळेपर्यंत रान उरकलं असतं आणि दुसऱ्या दिवशी माझ्या बहिणीला तिच्या घरातून घेऊन आलो असतो.